काकूंच्या नावाचा जंतू

४ जून

ही वही प्रयोगशाळेची नाही, माझी आहे. आधी हिच्यावर 'खाजगी' असं लेबल लावलं होतं. मग लक्षात आलं, 'खाजगी' दिसलं की ताई सगळ्यात आधी तीच उघडेल. म्हणून त्यावर 'रिकाम्या बाटल्यांची यादी' असं दुसरं लेबल चिकटवलं. सरळ बसलं आहे.

आज नोकरीचा पहिला दिवस. तीन महिने कच्चा. ३१ ऑगस्टला सर आणि मॅडम दोघांनी सही केली तर कायम, नाहीतर परत मामाच्या वह्या-पेनांच्या दुकानात. मामा म्हणाला, "दुकानाचं दार तुला केव्हाही उघडं आहे." ते ऐकून मी कॅलेंडरवर ३१ ऑगस्टभोवती लाल गोल केला.

काम असं. दवाखान्यांतून आणि जनावरांच्या इस्पितळांतून पोटाच्या आतल्या अस्तराचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे येतात. त्यांत राहणारे जंतू एकमेकांचे कोण लागतात, ते इथे ठरवतात. मी नळ्यांना लेबलं लावायची, रजिस्टर लिहायचं आणि फ्रीजचं तापमान दिवसातून चार वेळा नोंदवायचं. आज अकरा वेळा नोंदवलं. बदललं नाही.

मी अकरावीत शाळा सोडलेला माणूस. मुलाखतीत मॅडमनी 'रायबोसोम' लिहायला सांगितलं होतं. लिहिलं. त्यांनी विचारलं, "अर्थ माहीत आहे?" मी म्हटलं, "नाही." "मग बरोबर कसं लिहिलंस?" "तुम्ही नीट उच्चारलंत म्हणून." त्या हसल्या आणि मला घेतलं. हसल्या का, ते अजून कळलेलं नाही.

५ जून

हात सतरा वेळा धुतले. आईने विचारलं, "नोकरी कशी आहे?" मी म्हटलं, "कोरडी."

९ जून

आज मॅडमनी मला समोर बसवून सगळं समजावलं. समजलं तसं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या विचारलं तर अडायला नको.

पोटातले हे जंतू भिंगाखाली सगळे सारखेच दिसतात, बूच काढायच्या स्क्रूसारखे पिळदार. रूपावरून नातं ठरवायला जावं तर फसायला होतं. पण प्रत्येक जंतूच्या आत रायबोसोम नावाचे बारीक कारखाने असतात आणि त्यांच्याशिवाय कोणाचंच चालत नाही. त्या कारखान्याचा एक भाग म्हणजे आरएनए. त्याचा मजकूर साधारण पंधराशे अक्षरांचा, आणि अक्षरं चारच. हा मजकूर पिढ्यानपिढ्या उतरवला जातो. लाखो वर्षांत एखादंच अक्षर बदलतं, आणि एकदा बदललं की पुढच्या सगळ्यांत तसंच उतरतं. म्हणून दोघांची अक्षरं शेजारी ठेवून फरक मोजायचे. फरक कमी तितकं नातं जवळचं.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या आठवीसारखं."

"कसं?"

"गणिताच्या पेपरात अकरा जणांनी नऊ गुणिले सात बरोबर चौसष्ट लिहिलं होतं. बरोबर उत्तरावरून कोणी कोणाचं पाहिलं ते कळत नाही, चुकीवरून कळतं. बाईंनी अकरा जणांचा माग काढत काढत खिडकीजवळचा मुलगा पकडला."

मॅडमनी ते आपल्या वहीत टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार."

खिडकीजवळ मीच बसायचो, हे मी सांगितलं नाही. कच्चा आहे तोवर सांगू नये.

१६ जून

इथे आम्ही चौघंच. सर प्रमुख आहेत, पांढऱ्या मिशांचे. ते भिंग, रंग आणि वास यांवरून जंतू ओळखतात. मॅडम अक्षरांवरून ओळखतात. सर मॅडमना म्हणतात, "तुम्ही माणसाला न भेटता त्याची जन्मपत्रिका वाचता." मॅडम सरांना म्हणतात, "तुम्ही मिशा बघून बाप ठरवता." दोघं एकाच किटलीतला चहा पितात.

चौथी मशीनवाली. अक्षरं वाचणारं मशीन तिच्या ताब्यात असतं. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. ती माझ्यावर नजर ठेवून आहे. आज तीन वेळा फ्रीजपाशी आली आणि माझी नोंदवही वाचली. म्हणाली, "लेबल, तुझा चार किती सुंदर आहे रे." मी घाबरून चार पुन्हा तपासला. बरोबर होता. तिने मला 'लेबल' असं नाव पाडलं आहे. तक्रार करताना सोपं जावं म्हणून असणार.

१९ जून

रोज साडेबाराला सरांच्या बायको डबा घेऊन येतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. आज कळलं की काकूंच्या नावाचा एक जंतू आहे!

सरांनीच सांगितलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काकूंची एक पांढरी मांजर होती. ती वारली. काकू तिला मांडीवर घेऊन रडत होत्या. सर शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हिचं पोट मिळेल का?" त्या पोटात त्यांना एक नवा पिळदार जंतू सापडला. त्याला त्यांनी काकूंचं नाव दिलं आणि लग्नाच्या वाढदिवसाला छापील लेख गुलाबी कागदात गुंडाळून काकूंना भेट दिला.

"लोक अंगठी देतात," सर म्हणाले. "अंगठी हरवते. जंतूचं नाव पुस्तकात राहतं."

मी ते वाक्य लगेच लिहून घेतलं. तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या आणि सर म्हणाले, "तुझाच विषय चाललाय." काकूंनी डबा जरा जोरात टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनीसुद्धा लाजतात.

२६ जून

सरांच्या घरी फाइल पोचवायला गेलो होतो. काकूंच्या जंतूचा मोठा फोटो काचेच्या चौकटीत आहे. तो न्हाणीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे. सर म्हणाले, जागा काकूंनी निवडली. विचारपूर्वक निवडली आहे. घरातल्या प्रत्येकाला दिवसातून निदान दोनदा निवांत बघायला मिळतो.

काकूंचा फोन वाजला. त्यांची धाकटी बहीण होती. आवाज मोठा, म्हणून ऐकू आलं: "अगं, काल रात्री पोटात नुसती आग! म्हटलं, ताई आज भलतीच भडकलीय!" आणि पलीकडे खो खो हसणं. बहिणीबहिणींत केवढं प्रेम. काकूंनी फोन ठेवला आणि पंख्याकडे बघत म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं."

२ जुलै

काकूंनी आज मला जिन्यात गाठलं. हळूच म्हणाल्या, "काय रे, तुमच्या त्या अक्षरांच्या पद्धतीनं एखाद्या जंतूचं नाव रद्दबिद्द होतं का?"

बिचाऱ्या काळजीत होत्या. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "काकू, तुमच्या नावाला धक्का लागणार नाही. मी आहे ना."

त्यांचा चेहरा एकदम पडला. मन भरून आलं की काही लोकांचं तसं होतं.

९ जुलै

अघटित घडलं.

काकूंच्या जंतूची अक्षरं मशीनमधून आली. मशीनवालीने एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं आणि मी यादीवर टिंब करायचं, असं आम्ही दोनदा केलं. मधेच ती म्हणाली, "तू 'हं' किती छान म्हणतोस." मी ताबडतोब 'हं' म्हणणं बंद केलं. मग ती म्हणाली, "हं म्हण की रे, मी कुठवर आले ते कळत नाही."

मग ही अक्षरं बाकीच्या सगळ्यांशी ताडून पाहिली. कुत्र्यांच्या पोटात एक जंतू सापडतो. तो दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी शोधला आणि त्याला आपल्या गावाचं नाव दिलं. सर त्यांना 'कुत्रेवाला' म्हणतात. (ते सरांना 'मांजरवाला' म्हणतात.) काकूंचा जंतू आणि तो कुत्र्यांचा जंतू, पंधराशे अक्षरांत फरक फक्त दोन!

मॅडम म्हणाल्या, "एवढ्यावर भुलायचं नाही. पोटातल्या या मंडळींची ही अक्षरं एरवीही फार सारखी असतात. दुसरी जनुकंही तपासूया. तोवर ही गोष्ट पोटात ठेव."

ठेवली आहे. जड आहे.

२० जुलै

दुसरी जनुकंही जुळली. एकच जात. मॅडमनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "एका जातीला दोन नावं चालत नाहीत. आधी जे छापलं गेलं ते टिकतं, दुसरं पुसलं जातं. कुत्रेवाल्यांचा लेख फेब्रुवारीच्या अंकात आला. सरांचा त्याच वर्षीच्या मार्चच्या अंकात."

"म्हणजे काकू...?"

"काकू गेल्या," मॅडम म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, "म्हणजे नाव."

सरांना कोण सांगणार? मॅडम म्हणाल्या, "मीच सांगेन, पण ३१ ऑगस्टला ते निवृत्त झाल्यावर. पाच-सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

२३ जुलै

माझी नोकरी गेली असं समजायला हरकत नाही. आपल्या हाताने घालवली.

फ्रीजरमध्ये काकूंच्या जंतूचा डबा वेगळा आणि कुत्र्यांच्या जंतूचा वेगळा असतो. जात एक आणि डबे दोन, हे मला तीन दिवस सलत होतं. आज सकाळी राहवलं नाही. सगळ्या नळ्या एका डब्यात लावल्या, त्यावर कुत्र्यांच्या जंतूचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि काकूंच्या नावाचं लेबल काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. टाकण्याआधी, नियमाप्रमाणे, लाल पेनाने त्यावर फुली मारली.

दहा वाजता सरांनी फ्रीजर उघडला. तसाच उघडा ठेवून उभे राहिले. तापमान चार अंशांनी चढलं, तेवढं मी नोंदवलं.

मग त्यांनी टोपलीत पाहिलं.

मॅडमना सगळं सांगावं लागलं. सरांनी कागद नीट पाहिले, दोन अक्षरं पेन्सिलीने मोजली, म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि मग खुर्चीत बसून मिशांतल्या मिशांत म्हणाले, "इतकी वर्षं मी तिला दुसरं काहीही दिलेलं नाही हो."

चहा तसाच गार झाला.

"तिला कळता कामा नये," सर म्हणाले. "सहन नाही होणार."

२३ जुलै, पुढे

वरचं लिहून झाल्यावर आठवलं म्हणून. साडेबाराला काकू आल्या. सर आत होते. काकूंना टोपलीत ते लेबल दिसलं. वाकून उचललं. लाल फुलीवरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे खरं?" मला खोटं बोलता येत नाही, मी फ्रीजकडे पाहिलं. त्यांनी लेबल पर्समध्ये जपून ठेवलं, आठवण म्हणून, आणि जाताना जिन्यात गाणं गुणगुणत होत्या. दुःख लपवायला माणसं काय काय करतात!

२९ जुलै

काकू नव्या चपला घालून आल्या. आज डब्यात माझ्यासाठीसुद्धा वेगळा कप्पा होता. आवाज मोकळा, चेहऱ्यावर तेज. सर मला हळूच म्हणाले, "बघ, किती आनंदात आहे. हिला काहीच माहीत नाही, बिचारीला."

मला माहीत होतं की काकूंना माहीत आहे. पण तेही मी पोटातच ठेवलं. आता तिथे जागा उरलेली नाही.

घरी ताईने विचारलं, "तुझ्या पोटात जंतू आहेत का रे?" आईच म्हणाली, "त्याच्या पोटात भीती राहते. तिथे जंतूंना कोण विचारतो?"

३ ऑगस्ट

ठरवलं. हे माझ्या हातून झालं आहे, मीच निस्तरणार. रोज काम संपल्यावर ग्रंथालयात बसून, ते दोन लेख छापले त्या वर्षीचे सगळे अंक तपासायचे. मला त्यातलं शास्त्र कळणार नाही, पण तारखा कळतात, आणि भांडण तारखांचंच आहे.

६ ऑगस्ट

ग्रंथालयात मशीनवाली आली. समोर बसली. दोन केळी काढली, एक माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "इथे खायला मनाई आहे." ती म्हणाली, "मग बाहेर चल." मी म्हटलं, "अजून अंक संपले नाहीत." ती दीड तास बसून राहिली. ग्रंथपाल तिला म्हणाला, "तुम्ही काय शोधताय?" ती म्हणाली, "माझं समोरच आहे, पण त्याला मान वर करायला वेळ नाही."

कसला तरी जाड ग्रंथ असावा. माझ्यासमोर बरेच होते.

११ ऑगस्ट

सापडलं!!! (तीन उद्गारचिन्हं बरोबर नाहीत, माहीत आहे. राहू देत.)

कुत्रेवाल्यांचा फेब्रुवारीचा अंक. लेखाचं पान तर सगळ्यांनीच पाहिलं असेल. मी मात्र वही हातात आली की आधी बांधणी बघतो, मामाच्या दुकानाची सवय. शेवटच्या पानाच्या शिवणीत एक निळी चिठ्ठी चिकटली होती. ग्रंथपालाच्या परवानगीने, वाफ न देता, मशीनवालीच्या केसांतल्या पिनेने अर्ध्या तासात सोडवली. त्यावर छापलं होतं: 'छापखान्यातील संपामुळे हा फेब्रुवारीचा अंक प्रत्यक्षात १९ एप्रिल रोजी प्रसिद्ध होत आहे. वाचकांनी क्षमा करावी.'

आणि सरांच्या मार्चच्या अंकात शेवटी बारीक अक्षरात: 'प्रसिद्धी दिनांक ८ एप्रिल.'

अकरा दिवस! काकू अकरा दिवसांनी मोठ्या आहेत!

मी मशीनवालीचे दोन्ही हात धरून हलवले. लगेच सोडले आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "क्षमा कसली मागतोस, अजून एखादा अंक बघूया का?" पण आता गरज नव्हती.

१२ ऑगस्ट

मॅडमनी चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचली. "मुखपृष्ठावरचा महिना मोजत नाहीत, अंक खरोखर बाहेर पडला ती तारीख मोजतात," त्या म्हणाल्या. "लेबल, तू काय केलंस ते कळतंय का तुला?" (आता त्याही लेबल म्हणतात.) नावांचा निवाडा करणारी एक समिती असते, तिला आजच पत्र गेलं.

सर उठून माझ्यापाशी आले. त्यांनी माझी कॉलर नीट केली. ती नीटच होती.

२६ ऑगस्ट

समितीचं उत्तर आलं. काकू टिकल्या! कुत्र्यांच्या जंतूचं नाव पुसलं गेलं आणि यापुढे मांजर असो, कुत्रा असो किंवा कधीमधी माणूस असो, ज्या पोटात तो सापडेल तिथे तो काकूंच्याच नावाने ओळखला जाईल. सर टेबलाभोवती एक फेरी मारून आले. "कुत्रेवाल्याचं कुत्रंसुद्धा आपलं!"

३१ तारखेला निरोप समारंभात काकूंना ही आनंदाची बातमी द्यायची, आणि निकाल मी वाचायचा, असं सरांनी ठरवलं. निकाल आठ ओळींचा आहे. आतापर्यंत चाळीस वेळा वाचून पाहिला.

३१ ऑगस्ट

जे झालं ते क्रमाने लिहितो. रात्रीचे बारा वाजले आहेत, तरी अक्षर बिघडू दिलेलं नाही.

सभागृहात पन्नास-साठ माणसं. काकू पहिल्या रांगेत, नव्या चपला, केसांत फूल, शेजारी त्यांच्या दोन बहिणी. सर उठले आणि म्हणाले, "गेला महिना मी एक दुःख लपवलं. माझ्या बायकोच्या नावाचा जंतू पुसला जाणार होता."

काकू समाधानाने मान हलवत होत्या.

"पण या मुलानं ते नाव वाचवलं!"

काकूंची मान थांबली. मी आठ ओळी वाचल्या. स्पष्ट वाचल्या. टाळ्या झाल्या. कुत्रेवाल्यांचा संदेशही मॅडमनी वाचून दाखवला: 'आमचं कुत्रं तुमच्या मांजरीच्या पदरात घातलं. सांभाळा.' पुन्हा टाळ्या. मग काकू उभ्या राहिल्या.

"म्हणजे आता कुत्र्यांतसुद्धा मीच?"

"हो!" सर म्हणाले. "आणि क्वचित माणसांतही!"

"पुसलं होतंत ना?" काकूंनी पर्समधून लेबल काढलं, लाल फुलीचं. "हे काय मग? महिनाभर मी हे उशीखाली घेऊन झोपतेय! अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली मला!"

सर म्हणाले, "अगं, पण तुला तर आवडायचं. विषय काढला की लाजायचीस."

"लाजत नव्हते हो, लाज वाटत होती! या दोघी," काकूंनी बहिणींकडे बोट दाखवलं, "पोट दुखलं की मला फोन करतात. डॉक्टर माझं नाव वाचून विचारतात, तुम्ही त्याच का? दर वाढदिवसाला सांगत आले, पुढच्या वेळी काही नको. तुम्हाला वाटायचं, संकोच करते!"

धाकटी बहीण म्हणाली, "ताई, आता आमच्या कुत्र्याला काय तोंड दाखवू?" आणि सगळं सभागृह हसून फुटलं. मी हसलो नाही. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. इतके दिवस मी काय काय पाहिलं होतं आणि काय काय समजलो होतो! फोटो, चपला, गाणं. अक्षरं सगळी बरोबर वाचली होती, अर्थ एकाचाही लागला नव्हता.

काकूंनी मॅडमना विचारलं, "हे मागे घेता येतं का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही हो. ज्यानं दिलं त्यालाही नाही. जगाच्या अंतापर्यंत."

सर खाली बसले होते. अगदी लहान आवाजात म्हणाले, "मला वाटलं, मोठी गोष्ट देतोय."

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. रागावलेल्याच होत्या, पण हळूहळू मिशांकडे बघून त्यांचं तोंड वाकडं व्हायला लागलं आणि मग त्याही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "द्यायचंच होतं तर मांजरीचं नाव द्यायचं होतंत," त्या म्हणाल्या. "पोट तिचं गेलं."

"तिचं नाव काय होतं?" सरांनी विचारलं.

"अठ्ठावीस वर्षांनी विचारताय!" काकू म्हणाल्या. "घरी चला, सांगते. आणि तो फोटो आजच्या आज खाली उतरवायचा."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी आठ ओळींचा कागद छातीशी धरून उभा होतो.

"याच्या नोकरीचं काय ठरलं?"

मॅडम म्हणाल्या, "आज सही करायची आहे."

"करा," काकू म्हणाल्या. "यानं मला जगाच्या अंतापर्यंत कायम केलंय. हा एकटा सुटतो कसा? करा यालाही कायम."

मॅडमनी सही केली, मग सरांनी तिथेच, माझ्या पाठीवर कागद ठेवून, केली. सरांची नोकरीतली ती शेवटची सही. थोडी वाकडी आली आहे, कारण मला मधेच श्वास घ्यावा लागला.

३ सप्टेंबर

काकूंनी तो फोटो मला पाठवून दिला, चौकटीसकट. आईने आमच्याही न्हाणीघराच्या दारामागेच लावला, कारण बाकी कुठे खिळा नव्हता. सर रोज दुपारी डबा घेऊन येतात, मॅडमसाठी आणि आमच्यासाठी. काकू पाठवतात. म्हणाल्या, हा माणूस दिवसभर घरात बसला तर पुन्हा काहीतरी नाव देईल. मांजरीचं नाव काय होतं ते सर कोणाला सांगत नाहीत. विचारलं की लाजतात. म्हणजे मला तसं वाटतं. आता मी खात्रीने काही लिहीत नाही.

५ सप्टेंबर

आज मशीनवालीबरोबर नवीन नमुन्यांची अक्षरं ताडून पाहत होतो. ती म्हणाली, "मांजराचा आणि कुत्र्याचा तो जंतू, पंधराशेत दोनच फरक. एवढं जुळल्यावर एका नावानं राहायला हरकत नाही, असंच ना?"

मी म्हटलं, "बरोबर. पण दुसऱ्या बाबीही तपासाव्या लागतात."

"मी तपासल्या," ती म्हणाली. "तीन महिने तपासतेय. आणि नाव कोणाचं टिकतं?"

"जे आधी आलं त्याचं."

"तुझी जन्मतारीख?"

सांगितली. तिने बोटांवर मोजलं आणि खूश झाली. "मी सात महिने आधीची. म्हणजे नाव माझं राहणार, तू आपलं पुसायचं. चालेल?"

मी म्हटलं, नियम तसाच असेल तर माझी काही हरकत नाही. ती इतकी हसली की मशीन बंद करावं लागलं. मग म्हणाली, "रविवारी माझ्या घरी ये, आईबाबांना भेट." मी हो म्हटलं. फ्रीजचं तापमान मी वीस मिनिटं उशिरा नोंदवलं, असं पहिल्यांदाच झालं.

त्यांच्या घरी कोणता नमुना तपासायचा आहे ते विचारायचं राहिलं. सोबत दोन लेबलं आणि लाल पेन घेऊन जाईन.